सुगरण आधी खोपा तपासते

(कम्युनिटी रेडिओवरील भाषणाचा मजकूर. वक्त्या भोर तालुक्यातील भोंगवली येथे महिला बचत गटांच्या समन्वयक आहेत.)

कोणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कोणी गोठ्यात असेल, तर कोणी गटाच्या बैठकीत मोबाईल मध्ये ठेवून ऐकत असेल.

आजचा विषय मला दिलाय, निसर्गाकडून आपण काय शिकावं. या विषयावर आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मुंगीकडून कष्ट शिका, झाडाकडून द्यायला शिका, नदीसारखं वाहत राहा. मला त्यात वाईट काही दिसत नाही, पण शंका एक येते. हे सांगणाऱ्यांनी मुंगीकडे शेवटचं कधी पाहिलं असेल? बऱ्याचदा आपण आपलीच शिकवण आधी ठरवतो आणि मग ती पाखराच्या, झाडाच्या तोंडी घालतो. म्हणून आज मी आपल्या बांधावरच्या दोन-तीन पाखरांबद्दलच बोलणार आहे, आणि ती खरोखर काय करतात तेवढंच सांगणार आहे.

आमची भोंगवली भोर तालुक्याच्या पूर्वेच्या अंगाला. तालुका एकच, पण पश्चिमेला वरंध घाटाकडे पावसाळ्यात दोन हातांवरचं दिसत नाही, भाताची खाचरं तुडुंब असतात. आणि आमच्याकडं पाऊस मोजून मापून. त्यामुळे आमच्याकडं बाजरी, ज्वारी आणि विहिरीच्या पाण्यावर जे निघेल ते. वेल्ह्याच्या, म्हणजे आता राजगड तालुक्याच्या मैत्रिणी भाताच्या पातीवर सुगरण पक्षी बघतात, आम्ही विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे खोपे बघतो. पाखरू तेच.

या पाखराशी आपलं भांडणही जुनं आहे. बाजरी दाण्यात आली की ही पाखरं थव्याने उतरतात आणि मग माळ्यावर बसून गोफण फिरवायची पाळी बहुतेक घरातल्या बाईवर किंवा पोरावर येते. दाणा खातात हे खरंच. पण पिलं खोप्यात असतात तेव्हा त्यांना भरवायला अळ्या आणि किडे वेचून नेतात, तेही त्याच शेतातून. दाण्याचा हिशोब ठेवायचा तर अळीचाही ठेवावा, एवढंच म्हणते.

आता खोप्याकडे येते. आपल्या भाषेत या पक्ष्याचं नावच सुगरण. सुगरण म्हणजे घर नीट राखणारी, हाताला चव असणारी, टापटिपीची बाई. खोपा इतका देखणा की तो बाईनेच केलेला असणार, असं आपण धरूनच चालतो. बहिणाबाई चौधरींनी या खोप्याचं कौतुक केलंय, ते शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईंनी खोपा किती बारकाईने पाहिला होता ते वाचताना कळतं, आणि ते कौतुक कुठेच खोटं ठरत नाही.

पण खोपा विणतो नर.

पटत नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये विहिरीवर थोडा वेळ थांबा. ज्याच्या डोक्यावर आणि छातीवर हळदीसारखा पिवळा रंग आहे तो नर. मादी चिमणीसारखी मातकट. चोचीत गवताची लांब पाती घेऊन येणारा बघा, पिवळाच असतो. भाताची पात, रानगवत, शिंदीचं पान जे मिळेल त्याच्या कडेला चोचीने चीर पाडतो आणि उडता उडता वीत-दीड वीत लांबीची पट्टी सोलून काढतो. अशा एका खोप्यासाठी त्याच्या पाचशेपर्यंत खेपा होतात. पूर्ण खोपा व्हायला साधारण १८ दिवस लागतात.

आपल्याच महाराष्ट्रात हे कोणीतरी नीट बसून पाहिलेलं आहे. पक्ष्यांचे मोठे अभ्यासक डॉ. सालिम अली. त्यांची मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी गेली होती, तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला घरी राहत होते. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी ती रोज पाहिली, कोण येतं, कोण जातं, काय करतं ते टिपून ठेवलं आणि पुढच्या वर्षी छापलं. एका नराचा संसार एकाच मादीशी नसतो, मादी पसंत करते ती तयार होत आलेला खोपा, या गोष्टी त्या नोंदींतून नीट पुढे आल्या. हातात नोकरी नसलेला माणूस झाडाखाली बसून पाखरं बघतो म्हटल्यावर शेजारपाजारचे काय म्हणाले असतील ते तुम्हीच ठरवा.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. नर खोपा एका दमात पूर्ण करत नाही. आठेक दिवसांत तो अर्ध्यावर येतो. त्या वेळी खोपा उलट्या टोपासारखा दिसतो, मध्ये आडवी पट्टी, खाली दोन तोंडं उघडी. इथे तो काम थांबवतो. माद्या येऊ लागल्या की सगळे नर आपापल्या खोप्याला लटकून पंख फडफडवतात आणि नुसता कालवा करतात. मादी येते, त्या आडव्या पट्टीवर बसते, आत चोच घालते, पाती ओढून बघते. फांदी किती जाड आहे, खोपा किती उंचावर आहे, झाड काटेरी आहे का, हे सगळं तिच्या पसंतीत येतं. अभ्यासकांना असंही दिसलंय की विणकाम किती सुबक यापेक्षा खोपा कुठे टांगलाय याला ती जास्त महत्त्व देते. म्हणून तर भरलेले खोपे बाभळीच्या काट्यात, विहिरीच्या पाण्यावर, बऱ्याचदा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, म्हणजे पावसाचा वारा थेट लागत नाही.

पसंत पडलं तर ती तिथे राहते. मग नर अंड्यांची जागा बंद करतो, खाली लांब नळी विणतो, आतलं थोडंफार ती बघते. पसंत नाही पडलं तर ती उडून शेजारच्या खोप्यावर जाते. त्याने कितीही पंख फडफडवले तरी. आणि नरही त्या अर्ध्या खोप्यापाशी रुसून बसत नाही, दुसरा सुरू करतो. तुमच्या विहिरीवर खाली नळी नसलेले, टोपासारखे अर्धवट खोपे दिसतात ना, त्यातले बरेचसे हे नापसंतीचे.

मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा आमच्या गटांतल्या सह्या आठवल्या.

आपण बायका कागदावर सही कशी करतो? "इथं करा, इथं करा आणि मागं एक." बोट ठेवलेलं असतं तिथे आपण सही करतो. कागद घरातल्या कोणी आणलेला असला तर वाचायला मागणं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. साहेब घाईत असतात. बाकीच्या दहा जणी करून मोकळ्या झालेल्या असतात, मग आपणच कशाला अडून बसायचं? आणि कर्ज आपल्या नावावर चढतं.

एकच हिशोब सांगते, जवळ पेन असेल तर मांडून बघा. वीस हजार रुपये कर्ज, शेकडा दोन रुपये महिना व्याज, बारा महिन्यांत फेड. आता "शेकडा दोन" हे दोन तऱ्हांनी लावता येतं. एक तऱ्हा अशी की शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज पूर्ण वीस हजारांवरच धरायचं. महिन्याला चारशे, बारा महिन्यांचे ४,८०० रुपये. दुसरी तऱ्हा, मुद्दल दर महिन्याला सारखं फेडत जायचं आणि जेवढं उरलंय तेवढ्यावरच व्याज. पहिल्या महिन्याला चारशे, मग कमी, मग आणखी कमी. वर्षाचं व्याज होतं २,६०० रुपये. तोंडी दर तोच, कर्ज तेच, आणि फरक २,२०० रुपयांचा. म्हणून दर किती हे विचारून थांबू नका. व्याज कशावर, पूर्ण रकमेवर की उरलेल्या शिल्लकेवर, हे विचारा. विम्याचे, फॉर्मचे म्हणून आधी किती कापून हातात किती येणार, आणि एकीचा हप्ता थकला तर तो बाकीच्यांकडून घेणार का, हेही विचारा. अर्धाच खोपा झालाय तेव्हाच हे विचारायचं. नळी विणून झाल्यावर आत बसून विचारून उपयोग नाही.

आता कोणी म्हणेल, ताई, मग सुगरणीच्या नराकडून आपल्या घरधन्यांनी पण शिकावं. थांबा. मादीने अंडी घातली की हा गडी बहुतेक वेळा दुसऱ्या अर्धवट खोप्यावर जाऊन पुन्हा पंख फडफडवायला लागतो. चौदा-पंधरा दिवस अंडी उबवायची तिनेच, पिलांना भरवायचं ओझंही बरंचसं तिच्यावरच. हे आमच्या बैठकीत सांगितलं तर एक आजी म्हणाल्या, "मग नवीन काय सांगितलंस?" सगळ्या हसून लोटपोट. सांगायचा मुद्दा, पाखरं आपल्याला धडे द्यायला जगत नाहीत, ती त्यांचं त्यांचं जगतात. त्यातलं काय उचलायचं ते आपण ठरवायचं.

दुसरं पाखरू सातभाई. मातकट रंगाचं, विस्कटलेल्या पिसांचं, बांधावरच्या पाचोळ्यात टणाटण उड्या मारत कलकलाट करणारं. कधी एकटं दिसत नाही, सहा-आठ-दहांचं टोळकं असतं. गंमत म्हणजे आपण यांना भाऊ म्हणतो आणि इंग्रजीत यांना सात बहिणी म्हणतात. आवाज ऐकला तर मला इंग्रजी नाव जास्त पटतं, पण हे आपलं माझं मत.

बचत गट म्हणजे काय ते यांच्याकडे बघून समजतं. टोळकं पाचोळा उलटून किडे शोधत असताना एक जण उंच फांदीवर बसून राखण करतो. शिक्रा दिसला, साप दिसला की ओरडतो आणि सगळे झुडपात. थोड्या वेळाने राखणीला दुसरा बसतो. घरटं एका जोडीचं असलं तरी पिलांना भरवायला टोळक्यातले बाकीचेही चोचीत किडे घेऊन येतात. एकमेकांची पिसं साफ करतात. रात्री एका फांदीवर चिकटून बसतात. भांडतातही भरपूर, पण भांडून टोळी सोडत नाहीत.

इतकी एकी. आणि तरी हे सातभाई दरवर्षी फसतात.

फसवतो तो पावशा. पावसाच्या तोंडावर जो "पेरते व्हा, पेरते व्हा" ओरडतो, तोच. पावशा स्वतः घरटं बांधत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते. सातभाईंची अंडी निळी, पावशाचंही निळंच. राखणदार फांदीवर बसून आभाळात शिक्रा शोधतोय, आणि अंडं खाली घरट्यात येऊन पडलेलं आहे. पावशाचं पिलू बाहेर आलं की बहुतेकदा सातभाईंची अंडी घरट्याबाहेर ढकलून देतं. मग अख्खी टोळी त्या एका परक्या पिलाला भरवत राहते. ते उडायला लागल्यावरही जवळजवळ महिनाभर त्यांच्या मागे मागे "मला द्या, मला द्या" करत फिरतं. आणि ज्या चातकाचं आपण इतकं कौतुक करतो, फक्त पावसाचं पाणी पितो म्हणून, तोही आपलं अंडं सातभाईंच्याच घरट्यात टाकतो. त्याचंही निळं.

पावशाबद्दल जाता जाता आणखी एक. तो "पेरते व्हा" आपल्यासाठी म्हणत नाही, त्याचा तो विणीचा हंगाम असतो, जोडीदारासाठी ओरडतो. पाऊस जवळ आलाय एवढा सांगावा त्यातून घ्यायला हरकत नाही. पण त्याच्या ओरडण्यावर, किंवा पहिल्या वळवाच्या सरीवर, बाजरी पेरून मोकळं होऊ नका. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मोजायला काही नसेल तर रानात खड्डा करून बघा, ओल वीतभर खाली गेलीय का. दुबार पेरणीचं बियाणं आणि खत पावशा देत नाही, ते गटाच्या कर्जातून येतं.

आता सातभाईंची गोष्ट मी का सांगितली ते सांगते. आमच्या भागातल्या एका गटात, गावाचं नाव सांगत नाही, अकरा बायका. गट जुना, बैठक दर महिन्याला वेळेवर, हजेरी पूर्ण. बाहेरून कोणी गट मोडायचा प्रयत्न केला की सगळ्या एकत्र उभ्या राहायच्या. दारूच्या दुकानाच्या वेळी त्या अकरा जणी पुढे होत्या. प्रत्येकीच्या हातातल्या पुस्तिकेत दर महिन्याची बचत आणि कर्जाचा हप्ता लिहिलेला, सही केलेली. सगळं निळंच निळं.

त्या गटातल्या सगळ्यांत वयस्कर आजी. अंगठा उठवतात. एका बैठकीत त्यांनी विचारलं, "हे आपल्या जवळचं पुस्तक झालं. बँकेचं पुस्तक कुठंय?" बँकेचं पासबुक अकरा महिने छापून आणलेलं नव्हतं. कोषाध्यक्ष म्हणाल्या, घरी आहे, पुढच्या बैठकीला आणते. दोघी-तिघी आजींना गप्प करायला लागल्या, इतक्या वर्षांच्या माणसावर संशय घेता का म्हणून. आजी म्हणाल्या, "संशय कशाचा? पुस्तक बघायचंय." आणि उठून बाहेर जाऊन चपला घातल्या, म्हणाल्या, आत्ता आणू, मी येते बरोबर.

पासबुक छापून आलं तेव्हा चार महिन्यांचे हप्ते बँकेत भरलेलेच नव्हते. पैसे कोषाध्यक्षांच्या घरी दवाखान्यात गेले होते. ती बाई वाईट नव्हती, घरात आजारपण होतं, आज भरते उद्या भरते करत राहिलं. गटाकडे कर्ज मागितलं असतं तर गटाने दिलं असतं, हे सगळ्यात जास्त लागलं सगळ्यांना. त्या बैठकीत रडारड झाली, दोघी गट सोडायला निघाल्या. शेवटी ठराव झाला, तेवढी रक्कम त्यांच्या नावावर अंतर्गत कर्ज म्हणून लिहायची आणि त्यांनी हप्त्याने फेडायची. फेड पूर्ण झाली. त्या बाई आजही गटात आहेत, कोषाध्यक्ष नाहीत. वर्षभर आणखी तसंच चाललं असतं तर बँकेने गटाला थकबाकीदार ठरवलं असतं आणि अकराही जणींचं पुढचं कर्ज अडलं असतं. दोघींचं तर मुलांच्या फीसाठी मागायचं ठरलेलं होतं.

त्या गटाने नंतर दोन गोष्टी बदलल्या. बँकेत पैसे भरायला दर महिन्याला दोघी जातात आणि त्या दोघी दर वेळी वेगळ्या असतात. आणि बैठक सुरू झाली की पहिल्यांदा बँकेचं पासबुक मध्ये ठेवून शेवटची शिल्लक मोठ्याने वाचतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आकडा ऐकू येतो, आणि मागच्या महिन्याचा आकडा अशा बायकांच्या पक्का लक्षात असतो, हा माझा अनुभव आहे. आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. आपण पहिल्या चारवर जोर देतो. पाचवं ज्या बाईचं अक्षर चांगलं तिच्यावर सोडून देतो, वर्षानुवर्षं. सातभाईसुद्धा राखणीला एकालाच बसवून ठेवत नाहीत.

जाता जाता खोप्याची एक गोष्ट राहिली. माझी आजी सांगायची, सुगरण खोप्यात ओल्या मातीचे गोळे लावते आणि त्यात काजवे चिकटवते, म्हणजे रात्री पिलांना उजेड मिळतो. तुम्हीही ऐकलं असेल. मातीचे गोळे आत खरंच असतात. वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून वजन असावं, असं काही जणांना वाटतं.

दिवाळीनंतर खोपे रिकामे होतात, वाऱ्याने खाली पडतात. झाडावरचा तोडू नका, आत पिलू असू शकतं. पोरांनाही सांगून ठेवा. पडलेला एखादा मिळाला तर पुढच्या बैठकीला घेऊन या, पासबुकाशेजारी ठेवा आणि उकलून बघा. पाती कशी आत-बाहेर घातलीय ते बघा. माती हाताला लागेल. काजवा सापडला तर मला जरूर कळवा.